स्वीटवॉटरच्या काठाने : मॉर्मन वाटेवरचे सहा दिवस

पहिला दिवस : डेन्व्हर ते कॅस्पर

पुण्याच्या लष्कर भागातील एका शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. पण याच पुण्यात १८५०च्या दशकात मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती पंथाची एक छोटी मंडळी उभी राहिली होती, आणि त्याच सुमारास मुंबईत जन्मलेली एक स्त्री अमेरिकेच्या पठारांवरून हातगाड्यांच्या तुकडीबरोबर थेट युटापर्यंत गेली होती, हे निवृत्तीनंतर माझ्या वाचनात आले. तिचे नाव एलिझाबेथ झेवियर टेट. तेव्हापासून ती वाट एकदा पायाखाली घालावी, या इच्छेने मनात घर केले होते. माझी भाची नोकरीनिमित्त डेन्व्हरला राहते. "मावशी, तू ये तर खरी, गाडी मी चालवते," असे तिने दोन वर्षे लावून धरले, आणि यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो योग जुळून आला.

मूळ वाट इलिनॉय राज्यातील नॉवू गावापासून सॉल्ट लेक सिटीपर्यंत सुमारे १,३०० मैलांची, म्हणजे दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीची आहे. इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग आणि युटा अशा पाच राज्यांतून ती जाते आणि १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वाटेचा दर्जा दिला. एवढे सगळे अंतर चालणे माझ्या वयाला झेपणारे नव्हते. म्हणून वायोमिंगमधील स्वीटवॉटर नदीचे खोरे आणि युटातील शेवटचे डोंगर असे दोन टप्पे आम्ही चालण्यासाठी निवडले आणि मधले अंतर मोटारीने कापायचे ठरवले.

डेन्व्हरहून कॅस्परपर्यंतच्या चार तासांत भाचीला मी ही हकिकत पहिल्यापासून सांगितली. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापन केलेल्या या पंथाला मिसुरीतून हुसकावून लावल्यावर त्याच्या अनुयायांनी मिसिसिपी नदीच्या काठी नॉवू शहर वसवले. तिथेही आजूबाजूच्या लोकांशी त्यांचे बिनसत गेले. पंथाची स्वतःची सशस्त्र पलटण होती, निवडणुकीत सगळे एकगठ्ठा मत देत आणि बहुपत्नीत्वाची चर्चा दबक्या आवाजात सुरू झाली होती. टीका करणाऱ्या एका वृत्तपत्राचा छापखाना जून १८४४ मध्ये स्मिथ यांच्या संमतीने मोडून टाकण्यात आला, त्यावरून ते कार्थेजच्या तुरुंगात गेले आणि २७ जून रोजी जमावाने तुरुंगात घुसून त्यांना आणि त्यांचे बंधू हायरम यांना ठार केले. पुढे ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १८४६ मध्ये लोक मिसिसिपी ओलांडून पश्चिमेकडे निघाले. त्यांना झालेला जाच खरा होता. पण त्यांच्या नेत्यांच्या हातूनही चुका झाल्या, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, असे मला वाटते.

कॅस्परला या सगळ्या जुन्या वाटांची माहिती देणारे एक मोठे संग्रहालय आहे. ऑरेगॉनकडे, कॅलिफोर्नियाकडे आणि युटाकडे जाणारे सगळेच लोक नॉर्थ प्लॅट नदी इथून जवळ ओलांडत, त्यामुळे मॉर्मन वाट आणि इतरांच्या वाटा या भागात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. संग्रहालयात सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ती अंतरमापनाच्या हकिकतीपाशी. १८४७च्या पहिल्या तुकडीत १४३ पुरुष, ३ स्त्रिया आणि २ मुले अशी १४८ माणसे होती. त्यांत विल्यम क्लेटन नावाचे एक लेखनिक होते आणि रोजचे अंतर अंदाजाने लिहिणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. गाडीच्या चाकाचा घेर मोजून एका मैलात चाकाचे ३६० फेरे होतात हे त्यांनी ठरवले, चाकाला तांबड्या कापडाची चिंधी बांधली आणि दिवसभर गाडीशेजारी चालत ते फेरे मोजत राहिले. काही दिवसांनी ऑर्सन प्रॅट यांच्या आराखड्यावरून ॲपलटन हार्मन या सुताराने लाकडी दातेरी चक्रांचे एक यंत्र बनवले आणि क्लेटन यांची मोजणीतून सुटका झाली. त्या मापांवरून त्यांनी १८४८ मध्ये वाटसरूंसाठी मार्गदर्शक पुस्तिका छापली, आणि पाणी, गवत, चढ-उतार कुठे किती अंतरावर आहेत हे पुढच्या लोकांना आधीच कळू लागले. भाचीच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ होते. ती त्या चिंधीच्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि रात्री झोपताना आपल्या घड्याळातला आकडा माझ्या वहीत लिहून ठेवू लागली. तो नेम तिने शेवटपर्यंत पाळला.

दुसरा दिवस : इंडिपेंडन्स रॉक आणि मार्टिन्स कोव्ह

सकाळी सातला निघालो तेव्हा गवतावर दहिवर होते आणि वारा अंगाला झोंबत होता. कॅस्परच्या नैऋत्येला सुमारे ५५ मैलांवर सपाट माळावर ग्रॅनाइटचा एक प्रचंड खडक एकटाच पहुडलेला दिसतो. हा इंडिपेंडन्स रॉक. त्याची उंची जेमतेम १३० फूट आहे, परंतु घेर एका मैलाहून अधिक. पूर्वेकडून येणाऱ्या लोकांनी ४ जुलैपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत, इथे पोहोचले पाहिजे, नाहीतर पुढच्या डोंगरांत बर्फ गाठणार, असा त्या काळचा ठोकताळा होता. खडकावर हजारो वाटसरूंची नावे कोरलेली आहेत. काही टाकीने नीट कोरलेली, काही घाईत ओरखडलेली, काहींवर दगडफूल चढलेले. पंढरीच्या वाटेवर मुक्कामाची गावे आणि तिथी आधीपासून ठरलेल्या असतात, तसाच हा इथला मुक्काम होता. फरक एवढाच, की वारकरी विठोबाचे दर्शन घेऊन घरी परततो आणि इथे नाव कोरून पुढे गेलेल्यांपैकी बहुतेकांना मागे वळायचे नव्हते.

तिथून काही मैलांवर स्वीटवॉटर नदीने डोंगर उभा चिरून केलेली डेव्हिल्स गेट ही खिंड आहे. भिंती ३७० फूट उंच आणि तळाशी रुंदी सुमारे ३० फूट. गाड्या या फटीतून जाणे शक्यच नव्हते, त्या बाजूच्या खिंडीने वळसा घेत. जवळच मॉर्मन चर्चने १९९०च्या दशकात विकत घेतलेला जुना गुरांचा मळा आहे आणि तिथूनच मार्टिन्स कोव्हची पायवाट सुरू होते. केंद्रावर सेवाभावी वृत्तीने काम करणारी वयस्कर जोडपी आहेत. कुणीही आले तरी ते हातगाडी देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

हातगाडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भाजीवाल्याची चार चाकांची गाडी येते. ही तशी नव्हे. जवळजवळ आपल्या बैलगाडीच्या चाकाएवढी दोन उंच लाकडी चाके, त्यांवर चार-पाच फूट लांबीची उथळ पेटी, पेटीच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या दांड्या आणि त्या दांड्यांना जोडणारी आडवी दांडी. बैलाच्या जागी माणूस त्या चौकटीत शिरतो आणि आडवी दांडी छातीशी घेऊन पुढे रेटतो. माझे आजोबा सासवडकडे शेती करायचे, त्यामुळे आरे, तुंबा, धाव, आख हे शब्द मला लहानपणापासून ठाऊक होते, आणि चाकाला हात लावताच त्या लोकांच्या अडचणीचे मूळ मला कळले. १८५६ साली आयोवा सिटीला उशिरा पोहोचलेल्या तुकड्यांसाठी गाड्या तयार नव्हत्या. मिळेल त्या ओल्या लाकडाच्या गाड्या घाईने बांधल्या गेल्या. माळावरच्या कोरड्या हवेत ओले लाकूड आकसले, तुंबे फाटले, धावा सैल पडल्या आणि वाळूने आख झिजू लागले. लोकांनी आखाभोवती चामड्याच्या पट्ट्या आणि पत्र्याचे तुकडे गुंडाळले, वंगण म्हणून खाण्याचे खारवलेले डुकराचे मांस आणि अंगाचा साबण घासला. ओल्या लाकडाचे चाक बांधू नये, हे आमच्या गावच्या सुताराला कुणी सांगावे लागले नसते. त्या सुतारांनाही ते ठाऊक असणारच, पण त्यांच्या हाताशी वेळ नव्हता.

हातगाडीची कल्पना निघाली ती पैशाच्या चणचणीतून. युरोपातून येणाऱ्या गरीब अनुयायांना प्रवासासाठी उसने पैसे देणारा चर्चचा एक निधी होता. युटात टोळधाडीने पिके गेली, निधी आटला आणि बैलगाड्यांऐवजी माणसांनी स्वतःच गाड्या ओढाव्यात असे ठरले. १८५६ ते १८६० या काळात अशा दहा तुकड्यांतून सुमारे ३,००० माणसे गेली, आणि त्यांपैकी आठ तुकड्या मोठा अनर्थ न होता पोहोचल्या, हे आवर्जून सांगितले पाहिजे. अनर्थ ओढवला तो १८५६च्या शेवटच्या दोन तुकड्यांवर, विली आणि मार्टिन या म्होरक्यांच्या, कारण त्या फार उशिरा निघाल्या.

प्रौढ माणसाला सामान नेण्याची मुभा होती १७ पौंडांची. आज विमानात जवळ बाळगायच्या पिशवीला जेवढे वजन चालते, साधारण तेवढेच. त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे आणि भांडी सगळे आले. आम्ही गाडीत पाण्याचे दोन डबे, शिदोरीची पिशवी आणि दोन पथाऱ्या ठेवल्या. सपाटीवर गाडी हलकी वाटली. भाची पुढे आणि मी मागून ढकलणारी, अशा आम्ही बोलत चाललो. जमीन रेताड झाली तेव्हा मात्र चाके बोटभर रुतली आणि आमचे बोलणे आपोआप थांबले. पाऊण मैल गेल्यावर भाचीने दांडी सोडली, तळहात उघडून पाहिले, आणि आपण दोघींनी जागा बदलू या असे म्हणाली. मी चौकटीत शिरले. दांडी बरोबर बरगड्यांच्या खालच्या कडेवर बसते. चढावर सगळा भार तिथे येतो आणि श्वास अर्धाच घेता येतो. हे मी इतक्या वर्षांत एकाही पुस्तकात वाचले नव्हते.

कोव्हच्या अलीकडे गाड्या ठेवण्याची जागा आहे, तिथून पायीच आत जायचे. ग्रॅनाइटच्या उंच कड्यांनी तीन बाजूंनी वेढलेला, पुढे वाळूचा उंचवटा असलेला हा एक कोनाडा आहे. आत पाऊल टाकताच वारा पडतो. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी मार्टिन तुकडीने शेवटच्या वेळी नॉर्थ प्लॅट ओलांडली, कंबरभर गार पाण्यातून, आणि त्याच दिवशी बर्फ पडू लागले. वाट खुंटली, पीठ संपत आले, माणसे दगावू लागली. सॉल्ट लेकहून निघालेल्या मदतीच्या स्वारांनी त्यांना २८ ऑक्टोबरला शोधून काढले, आणि ४ नोव्हेंबरला वाऱ्यापासून आडोसा म्हणून या कोनाड्यात आणले. ९ नोव्हेंबरपर्यंत ते इथे होते. आमच्या आधी आलेले एक कुटुंब तिथे एका ओंडक्यावर निःशब्द बसले होते. आम्हीही काही न बोलता बसलो.

परतताना नदीपाशी तीन तरुणांचे स्मारक लागले. बर्फाळ नदीतून साऱ्या तुकडीला या तिघांनी खांद्यावर वाहून नेले आणि त्या श्रमाने पुढे त्यांचे प्राण गेले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अलीकडे चर्चच्याच इतिहासकारांनी जुन्या नोंदी पडताळून दाखवले, की उतरवून नेणारे तिघांहून अधिक होते, सगळ्यांना वाहून नेले गेले नव्हते आणि ते तरुण पुढे बरीच वर्षे जगले. मला ही दुरुस्ती मोलाची वाटते. गोठलेल्या नदीत दिवसभर उभे राहून अनोळखी माणसांना पलीकडे नेणे हेच इतके मोठे काम आहे, की त्याला मरणाची जोड देण्याची काहीच गरज नाही.

तिसरा दिवस : सहावा उतार, रॉकी रिज आणि रॉक क्रीक

आजचा दिवस एलिझाबेथचा. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरले आणि त्यांनी पुढे पुण्यात मंडळी उभी केली. एलिझाबेथचा जन्म मुंबईचा, आणि पती विल्यम टेट हे इकडे ब्रिटिश सैन्यात असलेले गृहस्थ. दोघांनी हा पंथ स्वीकारला. पती पुढे गेले होते. ती मागाहून इंग्लंडमार्गे निघाली आणि जेम्स विली यांच्या तुकडीत सामील झाली. वाटेत तिची तान्ही मुलगी दगावली. तिने स्वतः काय लिहिले, काय बोलली, यातले माझ्या हाताशी फारसे काही नाही. पण तिच्या तुकडीची रोजनिशी आहे, आणि तुकडी जिथे होती तिथे तीही होती, एवढ्या आधारावर मी आज चालले.

जुलैच्या मध्यावर आयोवा सिटीहून निघालेल्या विली तुकडीत सुमारे ५०० माणसे, १२० हातगाड्या, ५ मोठ्या गाड्या आणि काही गुरे होती. ऑगस्टमध्ये मिसुरी नदीच्या काठच्या फ्लोरेन्सला पोहोचल्यावर पुढे जावे की तिथेच हिवाळा काढावा, यावर सभा झाली. लेव्हाय सॅव्हेज या अनुभवी माणसाने, म्हाताऱ्या आणि मुलांसह आता डोंगरांत शिरणे धोक्याचे आहे, असे रडत रडत सांगितले. बहुमत पुढे जाण्याच्या बाजूने झाले. सॅव्हेज यांनी, आपण बोललो ते खरेच आहे, तरी तुम्ही जाणार असाल तर मीही येईन, तुमच्याबरोबर सोसेन, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि ते शेवटपर्यंत तुकडीबरोबर राहिले. हे सॅव्हेज स्वतः त्याआधी प्रचारासाठी भारतात आणि ब्रह्मदेशात राहून आले होते. वाटचालीत एलिझाबेथशी त्यांचे कधी बोलणे झाले असेल का, हा विचार दिवसभर माझ्या मनातून जात नव्हता.

स्वीटवॉटर नदी ही वाट नऊ वेळा ओलांडते. सहाव्या उताराजवळ, म्हणजे नदी सहाव्यांदा ओलांडायच्या जागेजवळ, १९ ऑक्टोबरला विली तुकडीतले शेवटचे पीठ वाटले गेले आणि बर्फ सुरू झाले. दुसऱ्या दिवशी विली स्वतः एका सोबत्यासह मदत शोधायला पुढे गेले आणि २१ तारखेला मदतीच्या गाड्या छावणीत पोहोचल्या. आम्ही पाहिली तेव्हा नदी दहा-बारा पावलांत ओलांडता येईल एवढीच होती, काठाला पिवळी विलोची झुडपे आणि पाण्यात निळे आकाश.

तिथून पुढे कच्च्या रस्त्याने, भाड्याच्या उंच चाकांच्या गाडीतून, आम्ही रॉकी रिजच्या पायथ्याशी गेलो आणि दुपारी अकराला चढायला सुरुवात केली. लांबून पाहिले तर ही टेकडी नजरेत भरत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या घाटांची उंची आणि कडे पाहिलेल्या माणसाला तर ती सपाटच वाटेल. पण पायाखालचा खडक आडवा पसरलेला नाही. त्याचे थर कडेवर उभे केलेल्या पाट्यांसारखे वर आलेले आहेत, एकापुढे एक, गुडघ्याएवढे आणि त्याहून कमी. त्यांवरून चाक नेणे म्हणजे प्रत्येक पाटीवर ते उचलून ठेवणे. समुद्रसपाटीपासूनची उंची ७,००० फुटांच्या वर असल्यामुळे वीस पावलांनी थांबावे लागत होते. सेजब्रशच्या राखाडी झुडपांना हात घासला की कापूर आणि ओव्याच्या मधला एक उग्र वास येई. निवारा कुठेही नव्हता; एक झाड नाही, एक कपार नाही.

२३ ऑक्टोबर १८५६ रोजी, अन्न मिळून दोनच दिवस झालेले असताना, तुकडीने बर्फात आणि वादळी वाऱ्यात हा चढ पार केला आणि रॉक क्रीकपर्यंतचे सुमारे १५ मैल कापले. पाय गोठलेला धिप्पाड डेन्मार्कवासी येन्स नील्सन याला त्याची ठेंगणी पत्नी एल्सी हिने गाडीत बसवून ओढत नेले, आणि तो जगला. अकरा वर्षांच्या जेम्स कर्कवुडने आपल्या चार वर्षांच्या भावाला पाठुंगळीस घेऊन हा चढ पार केला, छावणीतल्या शेकोटीपाशी त्याला खाली ठेवले आणि तो स्वतः मरण पावला.

माझ्या इयत्ता सहावीच्या वर्गात दरवर्षी पन्नासएक अकरा वर्षांची मुले असत. चढाच्या मध्यावर मी एका पाटीवर बसले ती दम लागला म्हणून नव्हे. भाचीने काही विचारले नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि शेजारी बसून राहिली.

रॉक क्रीकला पोहोचेपर्यंत चार वाजले होते. ओढ्याकाठच्या सखल जागी दगडी कुंपणात स्मारक आहे. त्या रात्री गेलेल्या तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरले गेले. तो खणायला मदत करणारे दोघे दुसऱ्या दिवशी गेले आणि त्यांना शेजारी पुरले. नावांमध्ये जेम्स आहे, तसेच डेन्मार्कहून ओळखीच्या कुटुंबाबरोबर आलेली लहानगी बोडिल मॉर्टेन्सन आहे. मदतीच्या गाड्या आणखी एक आठवडा आधी भेटल्या असत्या तर, असे मनात येते. पण ही तुकडी अजून वाटेवर आहे हे सॉल्ट लेकमध्ये ४ ऑक्टोबरपर्यंत कुणाला ठाऊकच नव्हते. कळल्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रिगहॅम यंग यांनी भरसभेत गाड्या, पीठ आणि गाडीवान मागितले आणि ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्या. मदत पाठवण्यात दिरंगाई झाली नाही. उशीर झाला तो त्याआधी, युरोपातून जहाजे सुटताना, आयोवात गाड्या बांधताना आणि फ्लोरेन्सच्या त्या सभेत. दोन्ही तुकड्यांतील दोनशेहून अधिक माणसे त्या वाटेवर गेली. चर्चच्या केंद्रांवर ही कथा श्रद्धेची कसोटी म्हणून सांगितली जाते, आणि श्रद्धा तिथे होतीच. मात्र कसोटीचा भार पीठाच्या पोत्यांचा हिशेब करणाऱ्यांवर नव्हे, तर तो हिशेब कधी पाहायलाच न मिळालेल्या जेम्ससारख्या मुलांवर पडला, हेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवे.

रात्री लँडर गावी मुक्काम. गावाच्या उत्तरेला विंड रिव्हरची राखीव भूमी आहे, जिथे पूर्व शोशोनी आणि उत्तर अरापाहो लोक राहतात. शोशोनींचे प्रमुख वॉशाकी यांनी वाटसरूंच्या गाड्यांना आपल्या मुलुखातून जाऊ दिले, अनेकदा मदतही केली. १८४७ ते १८६९ या काळात युटाकडे गेलेल्या सुमारे ७०,००० लोकांच्या गुरांनी मात्र नदीकाठचे गवत खाऊन टाकले, शिकार दूर गेली, आणि जानेवारी १८६३ मध्ये बेअर नदीकाठी अमेरिकी सैन्याने वायव्येकडच्या शोशोनींची जी कत्तल केली तिच्या मागे या वस्त्यांमुळे आलेली उपासमार होती. वाटेवरच्या फलकांवर या लोकांना अजून थोडीच जागा मिळते.

चौथा दिवस : साउथ पासहून फोर्ट ब्रिजर

साउथ पास हा अमेरिकेच्या महाजलविभाजकावरचा, ७,४१२ फुटांवरचा घाटमाथा, पण तिथे घाट म्हणावे असे काही नाही. रुंद, मोकळे, किंचित चढत जाणारे माळरान. पाणी कधी पूर्वेकडे आणि कधी पश्चिमेकडे वाहू लागले हे वाटसरूंना कळतही नसे. लाखो माणसांची पश्चिमेकडची वाट याच सपाटीमुळे शक्य झाली. तिथे दोन जुने दगड आहेत. त्यांतील एक १८३६ मध्ये इथून गेलेल्या नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पाल्डिंग या दोन स्त्रियांच्या स्मरणार्थ. तासभर चालून आम्ही गाडीकडे परतलो.

फोर्ट ब्रिजर हे जिम ब्रिजर यांचे जुने ठाणे दुपारी धावते पाहिले. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात मका पिकेल की नाही याबद्दल ते साशंक होते, आणि तिथल्या पहिल्या मक्याच्या मापाला हजार डॉलर देईन असे ते ब्रिगहॅम यंग यांना म्हणाले, असे सांगितले जाते. रात्र इव्हॅन्स्टनला काढली.

पाचवा दिवस : मॉर्मन फ्लॅट ते बिग माउंटन

युटात शिरलो आणि सगळे रंग बदलले. मॉर्मन फ्लॅटवरून लिटल एमिग्रेशन कॅन्यनमधून बिग माउंटनच्या खिंडीपर्यंत साडेचार मैलांच्या आसपास जुनी वाट आहे आणि ती जवळजवळ पूर्ण चालता येते. ओढ्याशेजारून, दाट झाडीतून ती चढत जाते. ॲस्पेनची पाने पिवळी झाली होती आणि किंचित वाऱ्यातही थरथरत होती. मॅपलची झुडपे तांबडी. पायथ्याला दगड रचून केलेल्या भिंतींचे अवशेष आहेत, पण ते वाटसरूंचे नव्हेत; १८५७-५८ मध्ये केंद्र सरकारने युटाकडे सैन्य पाठवले तेव्हा मॉर्मनांनी उभारलेल्या त्या संरक्षक भिंती. तिथे लढाई झाली नाही.

खिंडीची उंची साउथ पासएवढीच, ७,४०० फुटांच्या आसपास. काल त्याच उंचीवर आम्ही हात मागे बांधून फिरलो होतो आणि आज प्रत्येक वळणावर थांबत होतो. नकाशातला आकडा तोच. पण एका ठिकाणी तो शेकडो मैल हळूहळू वाढत आलेला आणि दुसऱ्या ठिकाणी चार-साडेचार मैलांत दीड हजार फूट उभा राहिलेला. शिवाय इथे पोहोचेपर्यंत बैल आणि माणसे हजार मैल चालून थकलेली असत.

खिंडीत पोहोचल्यावर डोंगरांच्या फटीतून दूर सॉल्ट लेक खोऱ्याचा एक फिकट तुकडा दिसला. १९ जुलै १८४७ रोजी ऑर्सन प्रॅट आणि जॉन ब्राउन यांनी तो पहिल्यांदा पाहिला. चार दिवसांनी ब्रिगहॅम यंग इथे आले तेव्हा तापाने अशक्त होऊन विलफर्ड वुड्रफ यांच्या गाडीत पडून होते. पलीकडचा उतार इतका उभा आहे, की चाके साखळदंडाने बांधून, मागे ओंडके ओढत गाड्या उतरवाव्या लागत. आम्ही खाली पाहिले आणि आल्या वाटेने परतलो. भाचीने त्या दिवशी वहीत २४,००० हून अधिक पावले लिहिली.

सहावा दिवस : डॉनर हिल, स्मारक आणि एक यादी

एमिग्रेशन कॅन्यनच्या तोंडाशी डॉनर हिल नावाची एक छोटी उभी टेकडी आहे. ऑगस्ट १८४६ मध्ये डॉनर आणि रीड यांच्या तांड्याने वॉसॅच डोंगरांत झाडी तोडत इथवर वाट काढली. शेवटी, पुढची झुडपे तोडायची ताकद उरली नाही म्हणून, जवळजवळ सगळे बैल एकेका गाडीला जुंपून त्यांनी गाड्या या टेकडीवरून चढवल्या. गुरे त्यात थकून गेली, आठवडे वाया गेले, आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत बर्फात अडकून ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. वर्षभराने, २२ जुलै १८४७ रोजी, त्यांच्याच वाटेने आलेल्या मॉर्मन तुकडीने टेकडी टाळून खालची झुडपे तोडली. त्याला सुमारे चारच तास लागले. ती वाट त्यांनी ज्यांच्या श्रमांवर वापरली, त्यांची आठवण इथल्या छोट्या फलकाहून मोठी असायला हवी होती. टेकडी चढून जायला मला दहा मिनिटे लागली.

खाली विस्तीर्ण उद्यानात महॉनराय यंग या शिल्पकाराने घडवलेले भव्य स्मारक उभे आहे. हे ब्रिगहॅम यंग यांचेच नातू. २४ जुलै १९४७ रोजी, ब्रिगहॅम यंग यांच्या खोऱ्यातल्या प्रवेशाला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, त्याचे लोकार्पण झाले, आणि आजही २४ जुलै ही युटात सरकारी सुटी असते. माझे पाय मात्र त्याच उद्यानातल्या २०२२ मध्ये बसवलेल्या चार पुतळ्यांपाशी रेंगाळले. पहिल्या तुकडीत ग्रीन फ्लेक, हार्क वेल्स आणि ऑस्कर स्मिथ हे तीन कृष्णवर्णीय गुलाम होते. मालकांच्या आधी त्यांनी या खोऱ्यात पाऊल ठेवले, वाटा तोडल्या, पहिली नांगरट केली. चौथा पुतळा जेन मॅनिंग जेम्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीचा, जी त्याच वर्षी पुढच्या तुकडीतून आली. धार्मिक छळातून सुटून आलेल्या लोकांच्या विधिमंडळाने १८५२ मध्ये गुलामीला कायदेशीर मान्यता दिली, ही गोष्ट त्या पुतळ्यांसमोर उभे राहून मी भाचीला सांगितली. तिने ग्रीन फ्लेक यांच्या नावाचा फोटो काढून घेतला.

दुपारी शहरातल्या चर्चच्या इतिहास-ग्रंथालयात गेलो. वाचनकक्ष सर्वांना खुला आहे. काउंटरवरच्या बाईंनी स्थलांतरितांच्या नोंदी संगणकावर कशा शोधायच्या ते समजावून दिले, आणि मी विली तुकडीचे नाव निवडून यादी खाली सरकवत गेले. डेन्मार्कची नावे, स्कॉटलंडची नावे, इंग्लंडमधल्या गिरणीगावांची नावे, आणि मग टेट, एलिझाबेथ झेवियर. तुकडी ९ नोव्हेंबर १८५६ रोजी सॉल्ट लेक सिटीला पोहोचली होती. पुढे ती दक्षिणेला सीडर सिटीत स्थायिक झाली.

"मावशी, जन्मस्थान बघ," भाची खुर्चीमागून वाकून म्हणाली.

बॉम्बे, असे तिथे लिहिले होते. मी वही उघडली, भाचीने रोज लिहिलेल्या पावलांच्या आकड्यांखाली ती ओळ मराठीत उतरवून घेतली, आणि ग्रंथालय बंद व्हायची वेळ होईपर्यंत यादीतली उरलेली नावे एकेक करून वाचत बसले.